हायवेवरचा वारा आणि आपले कान

गटाच्या बैठकांसाठी आम्ही जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे हायवेवर स्कूटीने फिरतो. एकदा घरी पोचल्यावर आमच्यातल्या एकीला लेकराची हाकच ऐकू आली नाही. कान नुसते घूं घूं करत होते. तो आवाज इंजिनापेक्षा हेल्मेटवर आपटणाऱ्या वाऱ्याचा.

वेग ताशी ६० वरून ५० किलोमीटरवर आणला, तरी वाऱ्याचा दाब जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. हेल्मेट आयएसआय मार्कचं, घट्ट बसणारं घ्या. काच खाली ठेवा. कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही. फोमचे इअरप्लग घाला, हॉर्न तरीही ऐकू येतो. शेजारून जाणारा ट्रक आधी ढकलतो, मग ओढतो. अंतर ठेवा, हँडल आवळू नका. पदर, ओढणी खोचून घ्या.

गेलेला पैसा गटातून पुन्हा उभा राहतो. कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.