एकच बंदूक, सारी शिकार?

बऱ्हाणपूरचा राजघाट तापीच्या काठी आहे आणि नदीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबाद आहे. तेथे मोगलांचा आहुखाना होता. फारसी भाषेत आहू म्हणजे हरीण. राजपुत्रांच्या करमणुकीसाठी हरणे राखून ठेवलेले ते रान होते. मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरास निवर्तली तेव्हा तिचा देह प्रथम याच परिसरात पुरण्यात आला आणि काही महिन्यांनी आग्र्यास नेण्यात आला, एवढ्यापुरतेच आज बहुतेकांना आहुखान्याचे नाव ठाऊक असते. परंतु शिकार हा ज्या काळी राजेलोकांचा नित्याचा व्यवसाय होता, त्या काळाची ती एक खूण आहे. राजघाटापासून वाहत जाणारी तापी सुरतेपाशी आपल्याच अरबी समुद्राला मिळते. तिच्या काठचा केळीवाला शेतकरी आणि आपल्या कोकण-गोमंतकातला बागायतदार आज एकाच चिंतेने ग्रासलेले आहेत. रात्री शेतात शिरणाऱ्या जनावरांचे करायचे काय, ही ती चिंता. तिच्यातून एक जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. सशापासून गव्यापर्यंत सर्वांना पुरेल अशी एकच बंदूक असू शकते काय?

शिकाऱ्यांच्या बैठकीत हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याला दाखला द्यायचा तर थेट अकबरापर्यंत जाता येते. ‘संग्राम’ नावाची त्याची आवडती तोड्याची बंदूक होती. चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड याच बंदुकीने पडला असे सांगतात. या एकाच बंदुकीने बापाने तीन-चार हजार पशुपक्षी मारले, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. स्वतः जहांगीर याबाबतीत मागे नव्हता. बालपणापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समक्ष २८,५३२ जनावरांची शिकार झाली आणि त्यांपैकी १७,१६७ आपण स्वहस्ते मारली, असा हिशेब त्याने ठेवविला होता. त्यात ८६ वाघ-सिंह आहेत, ८८९ नीलगायी आहेत आणि १०,३४८ कबुतरेही आहेत. हे आकडे वाचून ‘संग्राम’ ही खरीखुरी सर्वकामी बंदूक होती, असे कोणासही वाटेल. मात्र त्याच अकबराच्या खास वापरातील बंदुकांची संख्या ‘आईन-इ-अकबरी’त १०५ दिली आहे, हे विसरता कामा नये. ज्याच्याजवळ सर्वांत नामांकित बंदूक होती, त्यालाही एकीवर भागले नव्हते!

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार करणारा एक गृहस्थ पुढे याच मुलखात कारभारी म्हणून आला, हा एक योगायोगच म्हटला पाहिजे. कॅप्टन जेम्स फोरसाइथ हा निमाड जिल्ह्याचा जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर होता व बऱ्हाणपूर त्या जिल्ह्यात मोडे. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे तो ओळखला जातो. परंतु त्यापूर्वीच शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर त्याने एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. लष्करी रायफल दूरवर मारा करण्यासाठी घडविलेली असते, जंगलातल्या शिकाऱ्याची गोळी मात्र बहुधा शंभर यार्डांच्या आतच सुटते, तेव्हा त्याची रायफल त्याच अंतरासाठी घडवावी, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्याने मोठ्या नळीची, संथ पिळाचे आटे असलेली, गोल गोळी आणि भरपूर दारू घेणारी रायफल सुचविली. ती रायफल आज वस्तुसंग्रहालयात शोभेल. तिच्यामागचा विचार मात्र शिळा झालेला नाही. आधी रान पाहावे, अंतर पाहावे, जनावर पाहावे आणि मग बंदुकीकडे वळावे, हा त्याचा क्रम आजही बिनतोड आहे.

त्याच क्रमाने आपण जाऊ. ससा दोन-तीन किलोचा, भेकर वीस किलोच्या आसपासचे, पुरता वाढलेला रानडुक्कर शंभर किलोंच्या घरात, रोहीचा नर दोनशे किलोंवर आणि गवा आठशे ते हजार किलोंचा. पहिल्या आणि शेवटच्या प्राण्यात तीन-चारशे पटींचा फरक आहे. आता आपल्या देशात परवान्यावर जी हत्यारे सामान्यतः मिळतात, त्यांच्याकडे पाहू. .२२ रायफलीची गोळी अवघ्या अडीच ग्रॅमची असते. सशाला ती पुरते, डुकराला मात्र नुसती जखमी करते. ईशापूरच्या कारखान्यात बनत आलेली .३१५ रायफल सुमारे सोळा ग्रॅमची गोळी फेकते. डुक्कर आणि रोही यांना ती योग्य ठिकाणी लागली तर दुसऱ्या गोळीची गरज पडू नये. .३०-०६ रायफलीची गोळी वजनाने हलकी, पण वेगाने अधिक आणि म्हणून दूरवर अधिक सरळ जाणारी. यांपैकी कोणतीही सशावर झाडली तर हाती लागते ती चिंधी. आणि गव्यासारख्या प्रचंड देहाच्या जनावरापुढे याच रायफली अपुऱ्या ठरण्याचा धोका असतो. उरली बारा बोअरची काडतुसाची बंदूक. तिच्या नळीला आटे नसतात. छर्रे भरले तर ती पाखरांना आणि सशाला चालते, एकच जड गोळी असलेले काडतूस भरले तर तीस-चाळीस पावलांवरच्या डुकरालाही चालते. त्यापलीकडे तिचा भरवसा नाही.

जाणत्या शिकाऱ्यांचा अनुभवही याहून वेगळा नाही. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली मारला तो .२७५ रिग्बी या हलक्या रायफलीने. पण .४५०/४०० बोअरची भारी दुनळीही त्याने बाळगली होती आणि प्रसंगी तिचाच आश्रय घेतला. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने तशाच हलक्या रायफलीने शेकडो हत्ती पाडले. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो याचा त्याने केलेला अभ्यास हे त्यामागचे रहस्य होते. ज्याच्याजवळ ती विद्या नाही, त्याने बेलचे अनुकरण करणे म्हणजे हत्तीचे हाल आणि स्वतःचे मरण ओढवून घेणे. तात्पर्य, सर्वकामी बंदूक ही वस्तू नसून तडजोड आहे. मोकळ्या माळावर ती .३१५ किंवा .३०-०६ रायफलीच्या रूपाने करावी लागते, तर दाट झाडीत बारा बोअरच्या रूपाने. दोन्ही ठिकाणी चालणारी एकच बंदूक हवी असा हट्ट धरणाऱ्याला कोठेच धड न चालणारी बंदूक मिळते.

येथवरचा विचार केवळ हौसेचा असता, तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मूळ स्वरूपात विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार असे वर्ग होते व त्यासाठी परवाने देण्याची सोयही होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले आणि हौशी शिकार संपली. ते योग्यच झाले. आज कलम ११ खाली अधिकाऱ्याने लेखी कारणे देऊन परवानगी दिली तरच माणसाच्या जिवाला वा उभ्या पिकाला धोका ठरलेले जनावर मारता येते. रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याच्याबाबत पिकाच्या नुकसानीचे कारण चालते. गवा पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याने सारी बाग तुडविली तरी तेवढ्या कारणाने त्याच्यावर बंदूक रोखता येत नाही. शस्त्राचा परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली खिशात आहे म्हणून दुसरी गृहीत धरणारा माणूस गुन्हेगार ठरतो. थोडक्यात, बंदुकीच्या निवडीचा प्रश्न शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातून निघून शेतकऱ्याच्या माळ्यावर येऊन बसला आहे.

आणि त्या माळ्यावरच्या शेतकऱ्याच्या हाती कायदा काय देतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. आपल्या कोकणात अशा बंदुका घरोघरी आढ्याला टांगलेल्या असत. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर गोळी वा छर्रे ठासायचे, एक बार उडाला की पुन्हा सारा खटाटोप. पावसाळ्यात, म्हणजे भातशेतीला राखणीची गरज असते नेमक्या त्याच दिवसांत, दारू सर्द होते. आवाज करून कळप उधळून लावण्यास ही बंदूक ठीक आहे. शंभर किलोंच्या डुकराला एका बारात मारण्यास ती जवळजवळ निरुपयोगी आहे. अशा बंदुकीचा घायाळ डुक्कर रानात शिरतो, दिवसचे दिवस तडफडतो आणि दुसऱ्या दिवशी गवताला वा काजूच्या बिया वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर धावून येतो. याखेरीज निवडणुका आल्या की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. आचारसंहिता जनावरांना लागू नसते!

जखमी जनावराचा प्रश्न हा भावनेचा नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी बिहारकडे पाहावे. तेथे २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या आणि देशभर वादळ उठले. २०१९ साली वैशाली जिल्ह्यात गोळी लागूनही जिवंत असलेल्या नीलगायीला यंत्राने खड्ड्यात लोटून माती टाकल्याचे चित्रण लोकांनी पाहिले. पीक वाचविण्याचा शेतकऱ्याचा हक्क कोणी नाकारू नये. पण त्या हक्काची बजावणी अशी होणार असेल तर ती आपल्या माणुसकीला लाज आणणारी आहे. मारणे अपरिहार्य असेल तेथे मरण तात्काळ आले पाहिजे, आणि ते येण्याचे निम्मे श्रेय योग्य हत्याराकडे व निम्मे सरावलेल्या हाताकडे जाते.

मग प्रत्येक शेतकऱ्याला रायफल द्यावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. .३०-०६ रायफलीची चुकलेली गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. लहानशी .२२ सुद्धा दीड किलोमीटरपर्यंत घातक ठरते. निमाडच्या वा खानदेशाच्या सपाटीवर, उंच माळ्यावरून खाली जमिनीच्या दिशेने झाडलेली गोळी मातीत रुतते. आपल्याकडे दर दोन डोंगरांमध्ये एक वाडी असते, जांभ्या दगडाच्या गडग्यावर आपटून गोळी कोठे वळेल याचा नेम नसतो, आणि रात्री बॅटरीच्या झोतात चमकलेले डोळे डुकराचे की वासराचे हे कळण्याआधी चाप ओढला जातो. हाकाऱ्याच्या धांदलीत आपल्याच सोबत्याला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणच्या वाचकांना नवीन नाहीत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हा निवड विचारानेच केली पाहिजे.

कायद्यातच याची वाट आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडते असे परवाना अधिकाऱ्यास पटले, तर पीकसंरक्षणासाठी बिनआट्यांच्या नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते, अशी सोय शस्त्र अधिनियमात पहिल्यापासून आहे. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी या तरतुदीचा उपयोग करावा. बारा बोअरची बंदूक आणि तिच्यात एकच गोळी असलेले काडतूस हा आपल्या दाट, तुटक, वस्तीने भरलेल्या मुलखासाठी सर्वांत कमी वाईट पर्याय आहे. ती गोळी जवळून जबर असते आणि रायफलीच्या गोळीच्या मानाने फार लवकर जोर गमावते. आपल्याकडे हाच गुण मोलाचा आहे. मात्र परवान्याबरोबर नेमबाजीची परीक्षा सक्तीची हवी. रोहीसारखे मोठे जनावर मोकळ्या रानात मारण्याची वेळ आली तर ते काम रायफल चालविण्यात मुरलेल्या आणि वनखात्याने नेमलेल्या माणसाचे असावे, आणि घायाळ जनावराचा माग काढून त्याला सोडविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असावी. केरळने २०२२ साली रानडुकरांच्या बाबतीत ग्रामपंचायतींना परवानगीचे अधिकार दिले. महाराष्ट्रात रोही व रानडुक्कर यांच्यासाठी २०१५ पासून परवानगीची पद्धत आहे. पण परवानगी देणारा हात जवळ आणला आणि बंदूक धरणारा हात अडाणीच ठेवला, तर हाल कमी होणार नाहीत.

बंदूक हा अखेरचा उपाय आहे, हेही येथे सांगणे अगत्याचे आहे. मध्य प्रदेशात २०२५ साली शाजापूर भागात हेलिकॉप्टरच्या साहाय्याने काळवीट आणि नीलगायी हाकून पकडण्यात आल्या व दूर सोडण्यात आल्या. एक गोळीही न झाडता शेते मोकळी करण्याचा तो प्रयत्न होता. डोंगराळ कोकणात तो जसाच्या तसा चालणार नाही. पण कुंपणाला पुरेसे अनुदान आणि नुकसानीची वेळेवर भरपाई या गोष्टी येथे निश्चित चालतील. भरपाई वेळेवर मिळाली तर कित्येक बंदुका आढ्यावरून खाली उतरणारच नाहीत.

बादशहांना निवडीची फिकीर नव्हती. नेम चुकला तर दुसरी बंदूक हाती होती आणि जाब विचारणारा कोणी नव्हता. आजच्या शेतकऱ्याला एकच बार मिळतो आणि त्या बारानंतर पीक, कायदा, शेजारची वाडी आणि ते मुके जनावर अशा चौघांना त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणून त्याच्या हाती कोणती बंदूक असावी हे ठरविण्याचे काम त्याच्या एकट्यावर सोडून सरकारला मोकळे होता येणार नाही.