कोंबडी मऊ अंडं देतेय? औषध आणण्याआधी या गोष्टी तपासा

परसातल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईचा हक्काचा पैसा. आठवडी बाजारात गावरान अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा जास्त भाव मिळतो, आणि त्यातूनच पोरांच्या वह्या, घरातला किरकोळ खर्च निघतो. पण एखाद्या सकाळी खुराडं उघडलं की कवच नसलेलं, फुग्यासारखं लिबलिबीत अंडं दिसतं. कधी अंडं हातात घेतलं की चिरतं. रवणीला बसवलेली अंडी कोंबडीच्याच वजनाने फुटतात आणि २१ दिवसांची वाट बघणं वाया जातं.

अशा वेळी कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं कोंबडी बाद झाली, आता कापून टाका. दोन्हीची घाई नको. बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि घरच्या घरी दुरुस्त होतं. पण काही वेळा तीच रोगाची पहिली खूण असते. हा फरक ओळखता आला पाहिजे.

कवच कसं तयार होतं?

कोंबडीच्या पोटात एक अंडं पूर्ण व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले २० तास एकट्या कवचाला जातात, आणि हे काम मुख्यतः रात्री चालतं. मध्यम अंड्याच्या कवचाचं वजन ५ ते ६ ग्रॅम असतं. त्यात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं.

आता हिशोब करून बघा. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम २५ ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे एका अंड्याच्या कवचाला पुरेल एवढं कॅल्शियम नुसत्या ज्वारीतून मिळवायचं म्हटलं तर ७-८ किलो ज्वारी लागेल. कोंबडी दिवसाला खाते १०० ग्रॅमच्या आसपास. मका आणि तांदळाच्या कणीत तर ज्वारीपेक्षाही कमी असतं. मग कोंबडी कमी पडलेलं कॅल्शियम स्वतःच्या हाडातून काढते. असं बरेच दिवस चाललं की कवच पातळ होतं आणि कोंबडी पायातही कमजोर होते.

पूर्वीची देशी कोंबडी थोडी अंडी देऊन खुडूक बसायची, तेवढ्यात तिची झीज भरून निघायची. आता गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया अशा जाती गावोगावी आल्यात. त्या अंडी जास्त देतात, पण खायला मात्र तीच मूठभर ज्वारी. तक्रार तिथूनच सुरू होते.

आधी मोजा: एक कोंबडी की सगळ्या?

हा पहिला प्रश्न. कोणती कोंबडी मऊ अंडं देते ते कळत नसेल तर संशय असलेलीला दोन-तीन दिवस डालग्याखाली वेगळी ठेवा.

एकाच कोंबडीचा त्रास असेल तर तिचं वय बघा. नवीन तलंगेची पहिली काही अंडी मऊ किंवा वेडीवाकडी निघतात, ते आपोआप सुधारतं. म्हाताऱ्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं, पण कवच तेवढंच राहतं, म्हणून ते पातळ पडतं. कुत्रं मागे लागलं, लग्नाचा डीजे वाजला, दिवाळीचे फटाके फुटले, तरी घाबरून कोंबडी अर्धवट तयार झालेलं अंडं टाकते. एखाद्या वेळी असं झालं तर काळजी नको.

सगळ्याच कोंबड्यांच्या अंड्यांचं कवच हळूहळू पातळ होत गेलं असेल तर खाणं, पाणी आणि ऊन या तीन गोष्टी तपासा.

खाणं: शिंपला द्या, पण वेगळ्या भांड्यात

कोंबडी खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा मिळतो. नदीपात्रातले रिकामे शिंपले धुऊन, वाळवून, कुटून दिले तरी चालतात. चुरा अगदी पिठासारखा नको, जाडसर ठेवा. जाड तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच बनताना कामी येतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जायच्या आधी त्यांच्यासमोर तो जरूर असावा.

चुरा दाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता स्वतःच खाते. पिल्लांच्या आणि लहान तलंगांच्या खाण्यात जास्त कॅल्शियम गेलं तर त्यांचं मूत्रपिंड खराब होतं.

घरातली अंड्याची टरफलंही चालतात. ती धुऊन, दहा मिनिटं उकळून, वाळवून बारीक करा. अख्खं टरफल टाकलं तर कोंबडीला अंडं फोडून खायची सवय लागते.

दोन चुकीच्या समजुती आहेत. एक, कोंबडी खडे खाते म्हणजे तिला कॅल्शियम मिळतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाचे खडे पोटात दाणे दळायच्या कामाचे, कवचाला त्यांचा उपयोग नाही. दुसरी, चुना द्यावा. कळीचा किंवा भिंतीला लावायचा चुना अजिबात देऊ नका, त्याने तोंड आणि अन्ननळी भाजते.

पाणी: खारपाणपट्ट्यात जास्त लक्ष हवं

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, ते आपण कोंबड्यांना सहज ओततो. पाण्यात मीठ जास्त असेल तर खाणं चांगलं असूनही कवच कमजोर होतं. घरात माणसांसाठी जे गोडं पाणी येतं, त्यातलंच तांब्या-दोन तांबे कोंबड्यांना द्या. पाणी बदललं तरी कवच लगेच सुधारेलच असं नाही, धीर धरा.

ऊन: हवंही आणि नकोही

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून मिळतं. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ते मिळतंच. पण पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याचं बी उकरतात म्हणून, किंवा कुत्र्यांच्या भीतीने आपण त्यांना दिवसभर कोंडतो. अशा वेळी रोज सकाळी तास-दोन तास तरी जाळीच्या आत का होईना, उन्हात सोडा.

एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि कवचाला लागणारं कार्बोनेट त्यापासूनच बनतं. वर उकाड्याने खाणंही कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात कवच पातळ पडतं. दाणे पहाटे आणि संध्याकाळी द्या. पाण्याचं मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि दुपारी पाणी बदला. खुराड्यावर ओलं पोतं किंवा तुराट्यांची सावली करा, पण हवा खेळती राहू द्या.

या खुणा दिसल्या तर दवाखाना गाठा

दोन-चार दिवसांतच बऱ्याच कोंबड्यांची अंडी एकदम बिघडली किंवा कमी झाली, तर तो खाण्याचा प्रश्न नसावा.

- कवचावर सुरकुत्या, आतलं पांढरं पाण्यासारखं पातळ, कोंबड्या शिंकतात, घशात घरघर: हा श्वसनाचा संसर्गजन्य रोग असू शकतो.
- हिरवट हगवण, पंख लोंबणं, मान वाकडी होणं: ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं आहेत. यावर औषध नाही, लस हाच उपाय आहे.
- कोंबडी शेपटी खाली पाडून उभी राहते, सारखी जोर लावते: अंडं अडकलेलं असू शकतं. तिला कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, गुदद्वाराला थोडं खाद्यतेल लावा. पोट दाबून अंडं आत फोडू नका, कोंबडी जाते.

रोगाचा संशय असेल तर त्या कोंबड्या बाजारात नेऊ नका, पाहुण्यांनाही देऊ नका. एका घरातला रोग असाच गावभर होतो. बिघडलेल्या अंड्यांचे आणि कोंबडीचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. दुकानातून मनाने औषध आणू नका. सल्फा प्रकारच्या औषधांनी कवच आणखी बिघडतं आणि औषधाचा अंश अंड्यातही उतरतो.

तडकलेल्या अंड्याचं काय?

अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याला टेकवून बघा, केसासारखी बारीक चीरही दिसते. असं अंडं रवणीला ठेवू नका, विकूही नका. नुसती चीर असेल तर त्याच दिवशी चांगलं शिजवून खा. आतला पापुद्रा फाटला असेल किंवा अंडं विष्ठेत पडलेलं असेल तर फेकून द्या. अंडी घालायच्या जागी तूस किंवा भुसा जाड पसरवा, निम्मी फूट तिथेच थांबते.

शिंपला सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत फरक दिसायला हवा. कोणत्या दिवशी किती अंडी मऊ निघाली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. दोन आठवड्यांनंतरही आकडा कमी झाला नाही, तर तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना कारण शोधायला सोपं जाईल.