लॅमिनेशन केलं की नकाशा टिकतो?

जामखेडमध्ये कुणाच्या दप्तरातून जुना गावनकाशा निघाला, घड्यांवर फाटलेला दिसला, की सल्ला ठरलेला: “लॅमिनेशन करून टाका, कायमची काळजी मिटेल.” हे ऐकून ऐकून वैताग आलाय. कृपा करून लॅमिनेशन करू नका.

दुकानातल्या यंत्रात प्लॅस्टिकचा चिकट थर वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो नंतर सुखरूप निघत नाही. कागदातलं आम्ल मात्र आतच राहून कागद ठिसूळ करत राहतं.

“सरकारी अभिलेखागारं करायचीच की!” असंही ऐकवतात. खरं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं गेल्या शतकाच्या मध्याला सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा ॲसिटोननं कागदावर बसवायची पद्धत काढली. पण ॲसिटेट स्वतःच कालांतरानं विघटन पावून आम्ल सोडतं, हे पुढे दिसलं आणि संवर्धक त्यापासून दूर गेले.

सगळ्यात मोठं नुकसान मापाचं. आपल्याकडचे पुष्कळ गावनकाशे १:३९६० प्रमाणाचे, म्हणजे १ इंचाला ३३० फूट. त्यावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १३ फूट! इथं दोन फुटांच्या बांधावरून भाऊबंदकी कोर्टात जाते. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, तेही उभा-आडवा सारखा नाही. म्हणून मोजण्याआधी नकाशावरची प्रमाणपट्टी तपासून आकुंचन काढावं लागतं. तापलेल्या रोलरमधून काढलेल्या कागदाचं आकुंचन वयाचं किती आणि यंत्राचं किती, हे कसं ठरवणार?

नकाशा सपाट ठेवा, आम्लविरहित कागदाच्या फोल्डरात. हाताळणी फार असेल तर दोन पॉलिएस्टर पापुद्र्यांमध्ये ठेवून फक्त कडा जोडाव्यात. नकाशा आत मोकळा राहतो. फाटलेलं जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं जोडतात, कारण ती पाण्यानं सोडवता येते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

सेलोटेप तात्पुरती नसते; तिचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो.

उन्हात वाळवल्यानं रंग उडतात.

डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, म्हणून बुरशीही थांबत नाही.

पांढरे हातमोजे नकोत. धुतलेले कोरडे हात बरे, कडा जाणवतात.

आणि “स्कॅन झालाय, आता मूळ कागद कशाला?” बाजूनं तिरका प्रकाश टाका: कंपासच्या टोकाचं भोक, खरवडून पुन्हा ओढलेली हद्द दिसू लागते. साध्या स्कॅनमध्ये हे बहुधा हरवतं. जामखेडच्या शेजारचा बीड-उस्मानाबादचा (आताच्या धाराशिवचा) मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे होता, म्हणजे इथली शीव तेव्हा दोन राजवटींमधली; त्या शिवेवरच्या गावांचे नकाशे तरी मूळ कागदावरच तपासायला हवेत.