थव्यात पक्षी किती?

भीमेवरील उजनी धरणाचे पाणी हिवाळ्यापासून हळूहळू ओसरू लागते आणि भिगवण-कुंभारगावच्या बाजूला काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर कोवळे गवत येते, कोठे गाळपेराची पिके उभी राहतात. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून आलेले पट्टकादंब याच काठांवर विसावलेले दिसतात. राखी अंगाचा, बदकाहून बराच मोठा हा पक्षी डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून चटकन ओळखू येतो. तो हिमालय ओलांडून येतो. पाठीवर यंत्र बसवून उपग्रहाद्वारे माग काढला, तेव्हा ७,००० मीटरहून अधिक उंचीची नोंद मिळाली. मात्र बहुतेक उड्डाणे याच्या बरीच खालून होतात. (एव्हरेस्टवरून उडणाऱ्या हंसांची गोष्ट आपण वर्गात जरा जास्तच रंगवतो.)

ओळख पटली, की पुढचा प्रश्न अवघड असतो. समोर पक्षी किती आहेत? एकदा याच काठावर मी 'चारशे' म्हणालो. बरोबरच्या विद्यार्थ्याने 'हजार तरी असतील' म्हटले. छायाचित्रावर पेन्सिलीने एकेक ठिपका देत मोजले, तेव्हा ते ६४० निघाले. वीस वर्षे आकडेमोड करणाऱ्या माणसाची ही चूक! पण ती अपवादात्मक नाही. थवा जसा मोठा, तसा आपला अंदाज बहुधा कमी पडतो. नजर गर्दीकडे पाहते, एकेका पक्ष्याकडे नाही.

उपाय साधा आहे. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी खरोखर मोजावेत. तेवढ्याच जागेचे पाच तुकडे मनात जोडले, की पन्नासांचा गट डोळ्यांत बसतो. आता हा गट थव्यावर किती वेळा बसतो ते पाहायचे. तेरा वेळा बसला, तर सुमारे ६५०. मध्यभागी दाटी आणि कडेला विरळपणा असतो, म्हणून दाट भागासाठी गट वेगळा घ्यावा. सपाट काठावर पुढच्या पक्ष्यामागे दुसरा लपतो. थोड्या उंचवट्यावरून पाहिले तर फरक कळतो. याची तालीम वर्गातही होते. काळ्या कापडावर मूठभर ज्वारी पसरावी, पाच सेकंद दाखवून झाकावी, प्रत्येकाने आकडा लिहावा आणि मग दाणे मोजावेत.

वेळही महत्त्वाची. पट्टकादंब बहुधा रात्री आणि पहाटे-संध्याकाळी चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. म्हणून मोजणी दुपारच्या आधी, सूर्य पाठीशी ठेवून करावी. होडी फार जवळ नेली, तर थवा उठतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा मोजला जातो.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अशा आकड्यांची वर्षावर्षांची तुलना करताना एक गफलत हमखास होते. पाऊस भरपूर झाला, धरण तुडुंब राहिले, तर गाळाची जमीन उघडी पडत नाही आणि पक्षी इतरत्र पांगतात. त्या वर्षी एका काठावर निम्मेच पक्षी दिसले, म्हणून जात निम्मी झाली असे म्हणता येत नाही. उलट, पाणी फार आटले तर सारे उरलेल्या एकाच डबक्याशी गोळा होतात आणि आकडा फुगतो.

त्यामुळे वहीत नुसते '६५०' लिहू नये. तारीख, वेळ, ठिकाण, पाणी काठापासून किती हटले आहे आणि 'पन्नासांच्या गटाने मोजले' हेही लिहावे. ज्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही, त्या दिवसाचे शून्यही लिहावे.