लाकडी खोक्यावरचा शिक्का आणि पाइनचा लांब मिशांचा भुंगा

बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंगची खोकी बाहेर पडतात, वडोदऱ्यातून विजेची अवजड यंत्रं, पिथमपूरहून गाड्यांचे सुटे भाग, हैदराबाद आणि गोव्यातल्या वेर्ण्याहून औषधं. परदेशी जाणाऱ्या या मालाखालचं लाकडी पॅलेट नीट पाहिलं, तर त्यावर एक चौकोनी शिक्का दिसतो. एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, शेजारी भारतासाठी ‘आयएन’, मग प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि शेवटी ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ ही अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेलं.

हा शिक्का नसेल तर माल परदेशी बंदरात अडकतो, कधी परतही येतो. पॅकिंगवाल्यांना आणि कारखानदारांना हे पाठ आहे. पण साध्या खोक्यासाठी एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर कागदपत्रांत नाही, पाइनच्या जंगलात आहे. तिथं एक भुंगा आहे आणि त्याच्या अंगात बसून प्रवास करणारा एक सूत्रकृमी आहे.

भिरुडाचेच भाऊबंद

कोकणात आणि गोव्यात आंब्याच्या बागा असणाऱ्यांना ‘भिरूड’ ठाऊक आहे. खोडातून भुसा पडायला लागला की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. काजूच्या खोडाला आणि मुळाला पोखरणारा किडा आहे. मध्य प्रदेशात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला-दिंडोरी भागातली सालाची जंगलं ज्यानं पोखरली, तो ‘साल बोरर’ आहे. हे सगळे एकाच कुळातले. या कुळाला शास्त्रात ‘सेरॅम्बिसिडी’ म्हणतात. खूण सोपी आहे: डोक्यावरच्या मिशा, म्हणजे स्पृशा, बहुतेक वेळा शरीराइतक्या किंवा त्याहून लांब.

जगात या कुळाच्या ३५ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांची विभागणी उपकुळांत होते. सूचिपर्णी जंगलांच्या, म्हणजे पाइन, स्प्रूस, फर, देवदार यांच्या बाबतीत तीन उपकुळं जास्त महत्त्वाची.

पहिलं लेप्ट्युरिनी. यांची छाती अरुंद आणि अंग मागं निमुळतं. मोठे झालेले भुंगे बरेचदा फुलांवर दिसतात. अळ्या बहुतांशी मेलेल्या, कुजत चाललेल्या लाकडात वाढतात.

दुसरं स्पॉन्डिलिडिनी. हे गडद रंगाचे, मिशा तुलनेनं आखूड, आणि राहणी जवळजवळ पूर्णपणे सूचिपर्णी झाडांवर. यातला ‘अरहोपॅलस’ वणव्यात होरपळलेल्या पाइनकडे धावतो. युरोपातून तो न्यूझीलंडमध्ये पोचला आणि तिथल्या पाइनच्या व्यापाराची डोकेदुखी झाला. याच उपकुळातला ‘टेट्रोपियम’ युरोपातून कॅनडात गेला. १९९९ मध्ये हॅलिफॅक्स शहरातल्या एका उद्यानात स्प्रूसची झाडं का मरताहेत याचा शोध घेताना तो सापडला.

तिसरं लॅमिइनी, सगळ्यांत मोठं उपकुळ. यांचं तोंड समोर नसून सरळ खाली वळलेलं असतं. मादी आधी सालीत दातांनी खाच पाडते आणि मग त्यात अंडं घालते. आंब्याचा भिरूड याच उपकुळातला. आणि पाइनवरचा ‘मोनोकॅमस’ही यातलाच.

जंगलाचा सफाई कामगार

मोनोकॅमस मुळात झाडं मारणारा किडा नाही. वादळानं पडलेलं, वणव्यात होरपळलेलं, दुष्काळानं खंगलेलं पाइन त्याला वासावरून कळतं. मादी सालीत अंडी घालते. अळी आधी सालीखालचा मऊ थर खाते, नंतर लाकडात शिरते. तिच्या कुरतडण्याचा आवाज शांत जंगलात माणसालाही ऐकू येतो. म्हणून इंग्रजीत या भुंग्याला करवत्याचं नाव पडलं.

लाकडाच्या आत अळी कोषासाठी खोली करते. उष्ण भागात वर्षभरात आणि थंडीत दोन वर्षांत भुंगा तयार होतो. तो अगदी गोल भोक पाडून बाहेर येतो. मागं उरलेल्या बोगद्यांतून बुरशी आणि पाणी आत शिरतं आणि ओंडका लवकर कुजतो. सुतार पक्ष्यांना खाणं मिळतं, मातीला खत. थोडक्यात, मेलेल्या झाडाची विल्हेवाट लावणारा हा कामगार.

गडबड होते ती एका सवयीमुळे. बाहेर पडलेला कोवळा भुंगा लगेच अंडी घालू शकत नाही. त्याआधी काही आठवडे तो निरोगी पाइनच्या कोवळ्या फांद्यांची साल खातो.

एक मिलिमीटरचा प्रवासी

उत्तर अमेरिकेतल्या पाइनमध्ये ‘बर्साफेलेंकस झायलोफिलस’ नावाचा सूत्रकृमी राहतो. लांबी सुमारे एक मिलिमीटर. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला तो मोनोकॅमसचा आधार घेतो. कोषातून भुंगा तयार होत असताना खोलीभोवती जमलेले सूत्रकृमी त्याच्या श्वासनलिकांत शिरतात. एका भुंग्यात ते हजारोंनी असतात, क्वचित लाखावर. भुंगा कोवळी फांदी कुरतडायला बसला की ते उतरतात आणि जखमेतून झाडात जातात.

अमेरिकेतल्या स्थानिक पाइनना याचं फारसं काही वाटत नाही. हजारो वर्षांची सोबत आहे. पण आशिया-युरोपातल्या अनेक पाइनना ही ओळखच नव्हती. तिथं सूत्रकृमी राळेच्या नलिकांभोवतालच्या पेशी खातात, झपाट्यानं वाढतात आणि झाडातला पाण्याचा प्रवाह थांबतो. उन्हाळ्यात हिरवंगार असलेलं झाड काही आठवड्यांत तांबूस होऊन मरतं.

आता इथं चक्र पूर्ण होतं. मरणाऱ्या झाडाचा वास मोनोकॅमसच्या माद्यांना ओढून आणतो. त्या तिथं अंडी घालतात. पुढच्या वर्षी त्याच झाडातून नवे भुंगे सूत्रकृमी घेऊन निघतात. सूत्रकृमीला वाहन मिळतं, भुंग्याच्या पिल्लांना घर. नुकसान जंगलाचं.

कारण कळायला ६६ वर्षं

जपानमध्ये नागासाकी परिसरात पाइन अशी अचानक वाळल्याची पहिली नोंद १९०५ची. पुढची अनेक दशकं ठपका भुंग्यांवर राहिला, कारण मेलेल्या प्रत्येक झाडात तेच दिसत. खरा गुन्हेगार १९७१ मध्ये कियोहारा आणि तोकुशिगे या संशोधकांनी दाखवला. निरोगी पाइनमध्ये सूत्रकृमी सोडल्यावर झाडं मेली. त्या वेळी ही नवी जात समजली गेली. पण अमेरिकेतल्या लुइझियानात १९३४ मध्ये वर्णन झालेला सूत्रकृमी हाच, हे १९८१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे जपानचा रोग समुद्रापलीकडून लाकडासोबत आला होता. तोवर उशीर झाला होता. १९७९ या एका वर्षात जपाननं सुमारे २४ लाख घनमीटर पाइन गमावला.

पुढं १९८२ मध्ये चीनमध्ये नानजिंग इथं सन यत्-सेन यांच्या समाधीजवळच्या पाइनमध्ये तो सापडला, १९८८ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला आणि १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये सेतुबलच्या भागात. पोर्तुगालनं २००७ मध्ये तीन किलोमीटर रुंदीच्या लांबलचक पट्ट्यातला समुद्री पाइन तोडून अडसर उभा केला. पण पुढच्याच वर्षी रोग पट्ट्यापलीकडे, देशाच्या मध्य भागात आढळला. भुंगा काही किलोमीटर उडतो. ट्रकमधलं लाकूड एका दिवसात शेकडो किलोमीटर जातं.

शिक्का आला तो इथून

याच काळात दुसरा एक लॅमिइनी भुंगा गाजत होता. पांढऱ्या ठिपक्यांचा हा आशियाई भुंगा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मेपलच्या झाडांवर सापडला. तो चीनहून मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आल्याचं मानलं जातं. एकीकडे पाइनचा सूत्रकृमी, दुसरीकडे हा भुंगा. अखेर २००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्याला ‘आयएसपीएम-१५’ म्हणतात. भारतात हे काम केंद्राच्या वनस्पती संरक्षण, संगरोध आणि साठवणूक संचालनालयाच्या देखरेखीखाली, नोंदणीकृत केंद्रांमार्फत होतं.

नियमातली प्रत्येक अट भुंग्याच्या जीवनक्रमाशी जुळते. साल काढलेलीच हवी, कारण अंडी सालीत घातली जातात. उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला हवी, कारण अळी आत शिरलेली असते. वरवर गरम केलेलं लाकूड कोरडं दिसतं, पण आतली अळी जिवंत राहू शकते. प्लायवूडला सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबाखालून जातं. सहा मिलिमीटरपर्यंतच्या पातळ लाकडालाही सूट आहे, कारण त्यात अळीला जागाच नाही.

नियम दोन्ही बाजूंनी लागू आहे. बाहेरून येणारी खोकी आणि कांडल्यासारख्या बंदरांत उतरणारे परदेशी पाइनचे ओंडके यांचीही तपासणी त्यासाठीच. आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवर चीड आणि कैल या पाइनची मोठी जंगलं आहेत. राळ, इमारती लाकूड आणि जळण यांसाठी डोंगराळ गावं त्यांवर अवलंबून आहेत.

म्हणून प्रक्रिया न करता नुसता शिक्का मारून दिलेलं पॅलेट म्हणजे चार पैसे वाचवण्याची युक्ती नव्हे. आणि आयात मालाच्या खोक्याला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक दिसलं, खाली ताजा भुसा पडलेला दिसला, तर ते लाकूड भंगारात किंवा चुलीसाठी देऊन टाकण्याआधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावं आणि संगरोध कार्यालयाला कळवावं. जपानला भुंग्यामागचा प्रवासी ओळखायला ६६ वर्षं लागली. आता तो माहीत आहे, आणि त्याला वाटेतच रोखण्याची कृतीही ठरलेली आहे: ५६ अंश, ३० मिनिटं.