पिवळी भिंत की पांढरी?

चतुर्थी जवळ आली की पेडणे-डिचोलीच्या घरोघरी रंगाचा वाद सुरू होतो. एक पक्ष पिवळ्याचा, दुसरा पांढऱ्याचा. आमचे मत विचाराल, तर आधी खोलीत उजेड किती येतो ते पाहावे.

पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चचा आणि घरांना पिवळा वा निळा, असा संकेत रूढ होता. पण तो दर्शनी भिंतींपुरता. आत चुनाच. जाड चिरेबंदी भिंती, लहान खिडक्या आणि पाऊस असा, की माजघरात भरदुपारी दिवा लावावा! तेथे पांढऱ्या भिंतीइतका उजेड दुसरी कोणतीच परतवीत नाही. शिवाय चुन्याच्या लेपातून भिंतीतली ओल बाहेर पडते. तैलरंगाखाली ती कोंडते आणि पोपडे सुटतात. ओसरीवर मात्र पिवळाच बरा. खाणींच्या डिचोलीत तांबडी धूळ पांढऱ्यावर लगेच उठून दिसते.

चुन्यात पिवडी कालवून दिलेल्या पिवळ्याचे भय नाही; पिवडी ही मातीच. जुन्या चकचकीत पिवळ्या तैलरंगाचे तसे नव्हे. त्याचा पिवळेपणा पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटचा असे. घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीचे थर अजून कित्येक दारांवर, भिंतींवर आहेत. ते कोरडे खरवडू नयेत. ती धूळ पोटात गेल्यास लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. पृष्ठभाग ओला करूनच घासावा, आणि काम आटोपून घर ओल्या फडक्याने पुसून होईतो मुलांना खुशाल आजोळी धाडावे.