तळ्याकाठी पालथं पडून बघा!

मिरगाचा पहिला दणकून पाऊस पडला की वालावलात रात्री झोप लागणं कठीण. लक्ष्मीनारायणाच्या देवळालगतचं तळं, भाताचे कुणगे, घरामागचा व्हाळ, सगळीकडून एकच डरांव डरांव. तुम्ही कुडाळ-मालवण पट्ट्यातले असाल तर हा आवाज तुम्हाला नवा नाही. पण आवाजाच्या मालकाला कधी हातभर अंतरावरून नीट बघितलंय? धबधब्यावर रीलसाठी रांग लावण्यापेक्षा यंदा एक संध्याकाळ पाण्याकाठी काढा.

सुरुवातीला बैल बेडूक शोधा. एरवी मातकट-हिरवा दिसणारा हा गडी पहिल्या पावसात हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळे फुगे येतात. हे फक्त नराचं, तेही विणीच्या मोजक्या दिवसांपुरतं. दिवसाउजेडीही दिसतो, त्यामुळे नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट. दुसरा आपला घरचाच पाहुणा, विहिरीजवळ आणि न्हाणीघरातही सापडणारा, तांबूस पाठीचा आणि काळ्या कुशीचा. त्याचं शास्त्रीय नाव ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’. हो, आपलाच ‘बहुविस्तार’! २०१५ साली तो वेगळी जात म्हणून नोंदला गेला. तोवर त्याला दक्षिणेकडच्या भावाच्या नावानेच ओळखत होते.

आता फोटोचं. तुम्ही काठावर पाय ठेवलात की सगळे गप्प. इथेच बहुतेक जण कंटाळून परततात. परतू नका. बॅटरी बंद करून दहा मिनिटं ढिम्म बसा. एक ओरडेल, मग दुसरा, मग सगळी पलटण. मगच सरका, तेही बसल्या बसल्या. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ येते. रेनकोट अंथरून पालथं पडा, कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आणा आणि फोकस डोळ्यावर ठेवा. डोळा शार्प असला की बाकी थोडं धूसर चालतं. १०० एमएमची मॅक्रो लेन्स असेल तर भारीच, कारण लांबून काम होतं. नसेल तर फोनला अडकवायची छोटी मॅक्रो लेन्सही पुरते, फक्त तिच्यासाठी फार जवळ जावं लागतं. ओल्या कातडीवर फ्लॅश थेट मारला तर पांढरे डाग उमटतात, म्हणून फ्लॅशवर बटर पेपर लावा. दोन-चार फोटो झाले की उजेड बंद करा. त्याची रात्र आहे, तुमचा स्टुडिओ नाही.

आणि हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीसुद्धा कातडीतूनच शोषतो. तुमच्या हाताला डास पळवायचं क्रीम किंवा सॅनिटायझर असेल तर ते थेट त्याच्या अंगात. चांगल्या फ्रेमसाठी बेडूक उचलून पानावर ‘बसवणारे’ फोटोग्राफर आहेत, त्यांचे फोटो लाईक्स खातात, पण ती फोटोग्राफी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आंबोलीत तर हे जास्तच जपावं लागतं. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली टोड फक्त त्याच परिसरातून माहीत आहे. तो अंडी घालतो सड्यावरच्या उथळ डबक्यात. ट्रायपॉडचा एक पाय चुकीच्या डबक्यात पडला तरी तिथली वीण गेली. जगभरातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, असं २०२३ चा जागतिक आढावा सांगतो. बैल बेडकाची तर वेगळीच कथा. त्याच्या तंगड्या परदेशी पाठवणं भारताने १९८७ मध्ये बंद केलं, पण कोकण-गोव्यात बॅटरी घेऊन रात्री ‘बेडकांक’ जाणारे अजून आहेत. त्यामुळे एक विनंती, पिवळ्या नराचा फोटो टाकताना नेमकी जागा टाकू नका. तालुका लिहिलात तरी पुरे.

स्वतःचीही काळजी घ्या. जिथे बेडूक तिथे त्यांना खाणारे साप येणारच, आणि आपल्याकडे फुरशाला कमी नाही. गमबूट घाला, एकटे जाऊ नका, बॅटरी आधी पायाखाली मारा. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा जिल्हा आहे आपला. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट धुवून वाळवा, कारण बेडकांना मारणारी बुरशी चिखलातून पसरू शकते.

घरी आल्यावर फोटो नुसता इन्स्टावर नको. तारीख, वेळ, पाऊस होता की उघडीप, एवढं लिहून ‘आयनॅचरलिस्ट’वर चढवा, तिथे जाणकार जात ओळखायला मदत करतात. जागा लपवायची सोय तिथेही आहे. आणि फोनवर त्याचा आवाज रेकॉर्ड केला असेल तर तोही जोडा, कारण सारखे दिसणारे दोन बेडूक कित्येकदा आवाजावरूनच वेगळे ओळखू येतात.